कळलावी: हुडकायची कशी, ओळखायची कशी, आणि गड्ड्याला हात का लावायचा नाही

श्रावण लागला की बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबी रोडला गाड्यांची रांग लागते, सगळे धबधबे बघायला निघालेले, आणि रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीवर कळलावीची विषारी वेल फुललेली असते तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लक्ष गेलंच तर गाडी थांबवून दोन-चार फुलं तोडायची, डॅशबोर्डवर ठेवायची, आणि मागच्या सीटवरचं पोरगं त्याच्या पाकळ्या कुरतडतंय हे घाट संपेपर्यंत कुणाला कळत पण नाही. दुसरीकडे व्हॉट्सअपवर फॉरवर्ड फिरतायत, "सांधेदुखीवर रामबाण, कळलावीचा कंद" म्हणून. दोन्ही वाचून-बघून डोकं फिरतं म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढूया, ओळखायची कशी इथपासून घरी कुंडीत लावायची कशी इथपर्यंत.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही औषधी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, विषारी आहे हे निम्म्या लोकांना, आणि आपल्या जुन्या माणसांनी ती औषध म्हणून वापरताना किती बंधनं पाळली होती हे बहुतेक कुणालाच माहीत नसतं. फॉरवर्डमध्ये औषध येतं, बंधनं गळतात. तेवढंच धरून पुढं वाचा.

कुठं आणि कधी हुडकायची

घनदाट जंगलात आत शिरून हुडकायची गरज नाही, तिथं मिळणार पण नाही कारण हिला ऊन लागतं आणि चढायला आधार लागतो. त्यामुळं जंगलाची कड, शेताचा बांध, निवडुंगाचं नाहीतर करवंदीचं कुंपण, घाटरस्त्याच्या कडेची झुडपं, अशा ठिकाणी नजर ठेवायची. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, खानापूर तालुका, तिकडं चोर्ला घाटापर्यंतचा रस्ता आणि चंदगडच्या बाजूचा डोंगर, हा सगळा पट्टा तिच्यासाठी चांगला. जांभ्याची लाल माती, पाणी साठत नाही असा उतार, भरपूर पाऊस, अजून काय पायजे.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की आठ-पंधरा दिवसात जमिनीतून कोंब वर येतो. जुलैपासून फुलं, ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे ऐन भर, गौरी-गणपतीच्या दिवसात तर हमखास. ऑक्टोबर-नोव्हेंबरला शेंगासारखी बोंडं वाळतात आणि वेल पिवळी पडून मरून जाते. म्हणजे वरची वेल मरते, गड्डा खाली मातीत झोपून राहतो तो पुढच्या पावसापर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये त्याच जागेवर जाऊन उभं राहिलात तर इथं काही होतं याचा पत्ता पण लागत नाही. म्हणून जागा पावसाळ्यातच लक्षात ठेवायची, मोबाईलमध्ये लोकेशन सेव्ह करून ठेवलं तर उत्तम, पण ते लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका प्लीज, कंद उकरून विकणारे पण मोबाईल वापरतात.

आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असाल तर फूलसुद्धा तोडायचं नाही. अभयारण्यातनं परवानगीशिवाय काहीही उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "एकच तर फूल घेतलं" हे तिथं चालत नाही.

ओळखायची कशी, फूल नसताना सुद्धा

फूल असलं की ओळखायला लहान पोर पण चुकणार नाही. खरी परीक्षा फूल यायच्या आधी, जून-जुलैमध्ये, कारण त्याच वेळी बायका रानभाज्या गोळा करायला डोंगरात जातात आणि सगळीकडं नुसतं हिरवंगार असतं.

तेव्हा पानाचं टोक बघायचं. पान लांबट, भाल्यासारखं, देठ नाही, थेट खोडाला चिकटलेलं, शिरा सगळ्या लांबीनं समांतर. आणि टोकाला गेल्यावर पान संपतच नाही, ते बारीक होत होत तार होतं आणि ती तार गोल गुंडाळली जाते. ह्या गुंडाळीनंच वेल शेजारच्या काटकीला, गवताला, दुसऱ्या पानाला धरून वर चढते. दोडका-काकडीच्या वेलीला ताणा वेगळा फुटतो, पानाच्या बगलेतनं. हिच्यात ताणा म्हणजे पानाचंच टोक. हे एकदा हातात धरून नाही, नुसतं जवळनं डोळ्यानं बघितलंत की पुन्हा आयुष्यात विसरत नाही. एक लक्षात ठेवा, अगदी कोवळ्या कोंबाची खालची पानं साधीच असतात, गुंडाळी वरच्या पानांना येते. त्यामुळं वीतभर कोंबावरनं "गुंडाळी नाही म्हणजे कळलावी नाही" असं ठरवायचं नाही. ओळख पटली नाही तर भाजीच्या पिशवीत टाकायचं नाही, बास.

पानं खोडावर कधी एकाआड एक, कधी समोरासमोर, कधी तिनाच्या घोळक्यात, एकाच वेलीवर तिन्ही प्रकार दिसतात, त्यावरनं गोंधळू नका. वेल तीन-चार मीटरपर्यंत चढते, आधार नसला की जमिनीवर लोळते.

आता फूल. ह्याच्यासाठी एक काम सांगतो, पावसाळ्यात कुठं जवळपास वेल असेल तर एक कळी ठरवून घ्या आणि चार-पाच दिवस रोज जाऊन बघा, कारण एका दिवसात बघून ह्या फुलाचं काही कळत नाही. कळी खाली मान घालून लटकलेली, हिरवी. उमलायला लागली की सहा पाकळ्या (शास्त्राप्रमाणं परिदलं म्हणायचं कारण पाकळी आणि निदल, म्हणजे पाकळीखालचं हिरवं दल, असा फरकच नाही इथं) आधी बाहेर पसरतात, हिरवट पिवळ्या रंगाच्या, कडा सगळ्या नागमोडी. मग हळूहळू त्या मागं वळायला लागतात आणि शेवटी पूर्ण उलट्या होऊन आभाळाकडं उभ्या राहतात. रंग पण त्याबरोबर बदलत जातो, वरच्या टोकाकडनं नारिंगी उतरत येतो, बुडाशी पिवळा राहतो, मग नारिंगीचा लाल होतो आणि सुकायच्या आधी अख्खं फूल गडद लाल. म्हणजे एकाच वेलीवर वरची फुलं हिरवी-पिवळी आणि खालची लाल दिसतात, लोकांना वाटतं दोन जातीची फुलं. नाही, एकच. खालचं आधी उमललं एवढंच. संस्कृतात हिला अग्निशिखा म्हणतात आणि कन्नडमध्ये अग्निशिखे, ते ह्या उभ्या लाल पाकळ्यांवरनंच.

पाकळ्या वर गेल्या की खाली काय उरतं ते बघा. सहा पुंकेसर चहूबाजूला आडवे पसरलेले, प्रत्येकाच्या टोकाला लांबट परागकोश, नुसता वारा आला तरी डुलणारा. मधोमध हिरवा बीजकोश खाली लोंबतो आणि त्याच्या खालच्या टोकातनं निघालेली कुक्षीची दांडी (पराग जिच्या टोकाला लागतात ती) सरळ खाली न जाता काटकोनात वळून बाजूला निघून जाते, जणू कुणीतरी मोडून ठेवलीय. कॅमेऱ्यात बाजूनं फोटो घेतलात तरच हे दिसतं, वरनं घेतलात तर नुसता लाल गुच्छ. मोठी फुलपाखरं येतात मधासाठी, पाकळ्यांच्या बुडाशी घिरट्या घालताना त्यांचे पंख परागकोशाला घासतात आणि पुढच्या फुलाच्या त्या वळलेल्या टोकाला लागतात. शिंजीर पक्षी पण येतो. सकाळी ऊन पडल्यावर अर्धा तास गप उभं राहिलात तर दिसेल, पावसाची रिपरिप असेल तर काही येत नाही.

फुलं गळाली की तीन कप्प्यांचं लांबट बोंड धरतं. वाळलं की ते तीन बाजूंनी उकलतं आणि आत गोल गोल नारिंगी-लाल बिया, रांगेत. पोरांच्या दृष्टीनं सगळ्यात धोकादायक वेळ हीच, कारण दिसायला अगदी गोळ्या-चॉकलेट. फुलापेक्षा बियांवर जास्त लक्ष ठेवा.

नावं भरपूर, त्यात एक घोळ

शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. आधी हिला लिलीच्या कुळात धरायचे, आता कोल्चिकेसी ह्या वेगळ्या कुळात. आफ्रिका आणि आशियाचा उष्ण भाग ही तिची मूळ भूमी, झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल आहे आणि तामिळनाडूचं राज्यफूल, तिकडं सेंगांदळ म्हणतात. आपल्याकडं कळलावी, खड्यानाग, कुठं वाघनखी. आयुर्वेदात लांगली आणि कलिहारी.

घोळ असा, की काही भागात हिलाच बचनाग म्हणतात. खरा बचनाग म्हणजे हिमालयातली वेगळीच वनस्पती, तीसुद्धा जहाल विषारी पण विष वेगळं, परिणाम वेगळा. वाघनखीचं पण तसंच, काळ्या वाकड्या काट्याच्या फळाचं एक झाड आहे त्याला पण वाघनखी म्हणतात. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात नुसतं नाव सांगून काही मागायचं नाही, आणि दवाखान्यात सांगायची वेळ आली तर नावावर न थांबता फोटो नाहीतर झाडाचा तुकडा दाखवायचा.

गड्डा

जमिनीत बोटाएवढा जाड कंद असतो, दोन फांद्यांचा, इंग्रजी एल किंवा व्ही सारखा वाकलेला. लांगल म्हणजे नांगर, त्या आकारावरनंच लांगली. बाहेरनं तपकिरी, आत पांढरा, पिठूळ. दरवर्षी जुना कंद वेलीला पोसून पोसून सुकून जातो आणि त्याच्या जागी नवा दोन फांद्यांचा तयार होतो. कोंब फुटायचा डोळा फक्त फांदीच्या टोकाला, बटाट्यासारखे सगळीकडं डोळे नसतात. टोक मोडलं की ती फांदी गेली. म्हणून कुदळीनं अर्धवट उकरून टाकलेली वेल पुढच्या वर्षी येईलच असं नाही, आणि बीपासून नवीन आली तर फूल धरायला तीन-चार वर्षं घेते. कंद खणणाऱ्यांमुळं जागाच्या जागा रिकाम्या होतात त्या अशा.

आता आपल्याकडचा खास धोका. बेळगाव-खानापूरकडं रताळ्याचं पीक मोठं, कणगी पण लावतात, पोरांना बांधावर उकरून कंद काढायची सवय असते, कच्चं पण खातात. कळलावी त्याच बांधावर उगवते. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद उकडून खाल्ल्यामुळं विषबाधा झालेल्या आहेत, डॉक्टरांनी लिहून ठेवलेल्या. उकडून खाल्ला तर चालतो असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका, ह्यातलं विष शिजवल्यानं जात नाही. रताळं सोललं की बऱ्याचदा दुधासारखा चीक येतो आणि आकार दोन्ही टोकाला निमुळता असतो, हा वाकडा दोन फांद्यांचा, पण माझं म्हणणं असं की हा फरक पाठ करण्यापेक्षा पोरांना एकच नियम सांगा, आपण लावलं नाही ते उकरायचं नाही.

विष आहे म्हणजे नक्की काय आहे

कोल्चिसिन. सगळ्या झाडात असतं, पण गड्ड्यात आणि बियांमध्ये जास्त. पहिल्यांदा हे वेगळं काढलं १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि कावांतू ह्या दोघांनी, पण आपल्या कळलावीतनं नव्हे, तिच्याच कुळातल्या कोल्चिकम नावाच्या युरोपातल्या झाडातनं. नाव तिथनंच आलं.

काम कसं करतं ते सोप्यात सांगतो. शरीरातली पेशी दोन व्हायची असते तेव्हा आत बारीक दोऱ्यांची एक रचना तयार होते, ती गुणसूत्रं दोन्ही बाजूला ओढून नेते. कोल्चिसिन त्या दोऱ्याच तयार होऊ देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते. म्हणजे ज्या पेशी सारख्या नव्या होत असतात त्यांना सगळ्यात आधी मार बसतो, आतड्याचं अस्तर, हाडातला रक्त तयार करणारा मगज, केसांची मुळं. विषबाधेची सगळी लक्षणं ह्याच्यावरनं लागतात, आधी जुलाब-उलट्या, मग रक्त बिघडणं, आणि जगलेल्या माणसाचे एक-दोन आठवड्यांनी भसाभस केस गळणं.

हेच औषध म्हणून पण चालतं. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळं पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून लाल होतो आणि चादर लागली तरी ब्रह्मांड आठवतं, त्याच्यावर डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात. एका गोळीत अर्धा मिलिग्रॅम असतं. अर्धा! आणि तेवढ्यावर पण किडनी तपासून, बाकीच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारून, कारण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा ह्यांच्यात अंतर फार कमी. आता सांगा, बांधावरनं आणलेल्या गड्ड्यात किती मिलिग्रॅम आहे हे घरात कोण मोजणार? जागा बदलली, महिना बदलला की प्रमाण बदलतं. फॉरवर्डमधलं "चिमूटभर पावडर" म्हणजे काय ते पाठवणाऱ्याला पण माहीत नसतं. तामिळनाडूत ह्याची शेती होते, बिया परदेशी जातात आणि कारखान्यात कोल्चिसिन शुद्ध करून, मोजून गोळीत भरतात. औषध ते आहे.

जाता जाता, बिनबियांचं कलिंगड खाताय ना उन्हाळ्यात, त्याच्या मागं पण हेच आहे. कोल्चिसिन लावून कलिंगडाच्या रोपाची गुणसूत्रं दुप्पट करतात आणि मग त्याचा साध्या कलिंगडाशी संकर करून जे बी येतं, त्याच्या वेलीला बी न धरणारं फळ लागतं. खाताना त्यात विष नसतं, घाबरू नका.

आपल्या जुन्या लोकांनी कशासाठी वापरली

नावातच आहे, कळ लावणारी. बाळंतीण अडली की सुईणी गड्डा उगाळून त्याचा लेप तळहाताला, तळपायाला, नाहीतर बेंबीखाली लावायच्या, आणि बाळ झालं की लगेच धुवून टाकायच्या. लगेच धुवायचं ह्यावर सगळ्या म्हाताऱ्या बायकांचा जोर असतो, आमच्याकडच्या आज्ज्या पण हेच सांगायच्या, "पोर आलं की आधी पाय धू, मग गूळ वाट." सुश्रुतसंहितेत वार (बाळामागनं पडते ती) अडकली तर लांगलीच्या मुळाचा लेप हातापायाच्या तळव्यांना लावायला सांगितलाय, म्हणजे ही पद्धत काही आजची नव्हे. ह्यात बघण्यासारखं काय तर पोटात द्यायचं नाही, बाहेरनं लावायचं, आणि काम झालं की काढून टाकायचं.

आता हे करायचं का? नाही. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, रात्री दोन वाजता असलं तरी, रस्ता खराब असला तरी. गरोदर बाईनं तर हे झाड हाताळू पण नये, वाढत्या पेशींवर चालणारं विष आहे हे. आणि गर्भ पाडायला म्हणून हा गड्डा पोटात घेतल्यानं बायकांचे जीव गेलेले आहेत, हे कुजबुजत नाही तर मोठ्यानं सांगायला पायजे.

आयुर्वेदात लांगली ही उपविषांत मोजलीय, रुई, धोतरा, कण्हेर, गुंज ह्यांच्या पंगतीत. उपविष म्हटलं की शोधन, म्हणजे विष कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरायचं नाही हा नियम. हिच्या शोधनाची प्रसिद्ध पद्धत म्हणजे गड्ड्याचे तुकडे दिवसभर गोमूत्रात भिजवून मग धुवून वाळवणं. मूळव्याधीवर बाहेरनं लावायचं कासीसादि तेल असतं त्यात लांगली पडते. पण हे वाचून घरी गोमूत्रात गड्डे भिजवायला बसू नका, शोधन झालं म्हणजे विष संपलं असं नव्हे, कमी झालं एवढंच, आणि किती कमी झालं ते चाखून कळत नाही. तेल पायजे असेल तर वैद्याला दाखवून चांगल्या कंपनीचं सीलबंद आणा. बेळगावात नेहरूनगरला पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्थाच आहे, आयुर्वेद कॉलेज आहे, विचारायला माणसं नाहीत असं आपल्याकडं नाही.

बाकी वापर पटापट सांगतो. पानाचा रस डोक्यातल्या उवांवर लावायचे. जखम असलेल्या डोक्याला लावला तर काय होईल विचार करा, मेडिकलमध्ये उवांचं लोशन मिळतं ते आणा. सुजलेल्या सांध्यावर गड्ड्याचा लेप, कातडीच्या रोगांवर लेप, हे पण होतं. त्या लेपानं कातडी भाजल्यासारखी होते ती वेगळीच. जनावरांना जंतावर द्यायचे. आणि साप-विंचवावर उगाळून लावायचे, ह्याच्याबद्दल मात्र एकच वाक्य: साप चावला की कळलावी हुडकत फिरायचं नाही, चावलेला भाग न हलवता सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावर प्रतिसर्पविष सोडून दुसरं औषध नाही.

कुणी खाल्लंच तर

लगेच काही होत नाही, हाच मोठा धोका. खाल्ल्यावर दोन तासांपासून चोवीस तासांपर्यंत कधीही सुरू होतं, तोंडात-घशात चुणचुण, मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे नाहीतर रक्ताचे जुलाब. लोकांना वाटतं खाण्यात काहीतरी आलं असेल, ओआरएस देऊन झोपवतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कधी कधी उलट्या थांबतात, घरचे म्हणतात बरं वाटतंय, आणि त्याच वेळी आत बीपी, किडनी, रक्त बिघडत असतं. म्हणून खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न बघता निघायचं.

१०८ ला फोन करा. घशात बोटं घालून, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. दूध, तूप, लिंबू, ताक, कुणी काही सांगितलं तरी द्यायचं नाही. तोंडात तुकडे असतील तर काढून चूळ भरायला लावा. राहिलेलं झाड, बी, गड्डा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या, किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहा, आणि डॉक्टरला "कळलावी" म्हणून न थांबता "ग्लोरिओसा, कोल्चिसिन" हे दोन शब्द सांगा, मराठी-कन्नड नावांच्या घोळात वेळ जात नाही. ह्या विषावर सहज मिळणारा असा उतारा नाही, लवकर पोचलं तर पोटातलं विष शोषून घ्यायला कोळशाचं औषध देतात, पुढं सलाईन आणि आयसीयूत लक्ष ठेवणं. म्हणून लवकर पोचणं हाच काय तो उपाय. छोट्या दवाखान्यानं तपासून घरी जा म्हटलं तरी निदान दोन-तीन दिवस देखरेखीखाली ठेवायचा हट्ट धरा.

घरी लावायची असेल तर

एवढं सगळं ऐकून पण लावायची हौस असते, आणि लावावीच, कारण लोकांनी नर्सरीतनं घेऊन लावली तर डोंगरातली राहील. अट एकच, घरात रांगतं पोर नाहीतर सगळं चावणारं कुत्रं असेल तर पाच-सहा वर्षं थांबा.

रानातनं उकरून आणू नका, नर्सरीतनं कंद घ्या. टोकाचा डोळा शाबूत आहे ना बघा, कंद वजनदार, टणक असावा, पन्नास ग्रॅमच्या पुढचा असेल तर त्याच वर्षी फूल बघायची चांगली आशा. मे संपता संपता बारा इंची कुंडी घ्या, तळाला भोकं मोकळी करा, लाल माती, वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळून भरा. बेळगावचा जुलै म्हणजे आठ-आठ दिवस ऊन नाही, कुंडीत पाणी साठलं की कंद सडलाच म्हणून समजा. हातमोजे घालून कंद आडवा ठेवा, दोन-अडीच इंच खोल, डोळ्याकडचं टोक कुंडीच्या कडेला अगदी चिकटवू नका, कोंबाला जागा राहू दे. वरनं माती, एकदा पाणी, आणि मग कोंब दिसेपर्यंत जवळजवळ विसरून जायचं. तीन-चार आठवडे लागतात कधी कधी, तोपर्यंत उकरून बघायचा मोह होतोच, बघू नका, कोंब फार ठिसूळ असतो, बोट लागलं की मोडतो आणि त्या वर्षाचा खेळ खलास.

कोंब वीतभर झाला की बारीक काटक्या रोवा नाहीतर जाळी लावा. जाड बांबूला ही चढत नाही कारण पानाची गुंडाळी बारीक, तिला पेन्सिलपेक्षा बारीक आधार पायजे. तुरीच्या वाळक्या काट्या एकदम बेस्ट. सकाळचं ऊन मिळेल अशी जागा, मुळाला सावली आणि शेंड्याला ऊन असं जमलं तर फुलं जास्त. महिन्यातनं एकदा शेणखत पुरतं.

फुलं झाली की बोंडं हिरवी असतानाच कापून टाका, बी पायजेच असेल तर बोंडावर कापडी पिशवी बांधा म्हणजे उकलल्यावर बिया अंगणात सांडणार नाहीत. दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडली की पाणी बंद. वेल वाळली की कुंडी तशीच पाऊस-पाणी लागणार नाही अशा ठिकाणी सरकवून ठेवली तरी चालतं, नाहीतर कंद हलक्या हातानं काढा, दोन फांद्या जोडावर वेगळ्या करा, कोरड्या वाळूत डब्यात भरा. डबा स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्याच्या आसपास अजिबात नको. डब्यावर मोठ्या अक्षरात "विष, खाऊ नये" लिहा, मराठीत पण आणि कन्नडात पण, घरात कामाला येणाऱ्या मावशी कुठलं वाचतात सांगता येत नाही, आणि वाचताच येत नसेल तर डबा उघडून एकदा दाखवून ठेवा. कुणाला कंद दिलात तर देतानाच तोंडानं सांगा हे काय आहे ते, आणि त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसमोर सांगा, कारण कपाटात ठेवलेला गड्डा सांधेदुखीच्या वेळी नेमका त्यांनाच आठवतो.